डाव्या हातांचं रान

"डावा! अरे, येत नसेल तर डावा! डावं-उजवं कळत नाही आणि निघालेत मोठ्या कॉलेजात!"

मुख्याध्यापक मेंग फळ्यापुढे उभे राहून ओरडत होते. मूळचे ते कवायतीचे मास्तर. शाळेचे प्रमुख झाल्यावर गळ्यातली शिट्टी तेवढी गेली होती, बाकी माणूस तोच राहिला होता. समोर बारावीची पोरं बाकांवर कोपर टेकवून, हात ताठ वर धरून बसली होती. कुणाचा डावा वर होता, कुणाचा उजवा, आणि मागच्या एका शहाण्याने दोन्ही वर केले होते.

"पुन्हा. उत्तर येत असेल तर?"

"उजवा!" वर्ग ओरडला.

"येत नसेल तर?"

"डावा!"

"आणि जो हातच वर करणार नाही तो?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"तो त्या दिवशी आजारी पडेल आणि घरी राहील," मेंग म्हणाले. "पाहुण्यांना काय दिसलं पाहिजे? प्रत्येक प्रश्नाला सगळे हात वर. शांग सर फक्त उजव्या हातवाल्यांना उठवतील. आहे काय त्यात? माझ्या कवायतीत बोकड असता तर तोही शिकला असता."

शांग बिंगवेन सर खिडकीपाशी तोंड वाकडं करून उभे होते. प्रात्यक्षिक पाठ त्यांचा, वर्ग त्यांचा, विषय त्यांचा, आणि तालीम मात्र हा कवायतवाला घेत होता. दहा दिवसांनी प्रांताच्या राजधानीतून तज्ज्ञ येणार, मागच्या बाकांवर बसून पाठ बघणार आणि मग शांग सरांना वरिष्ठ शिक्षकाचं पद द्यायचं की नाही ते ठरवणार होते. उन्हाळ्यात सर निवृत्त होणार होते, म्हणजे ही शेवटचीच संधी.

"हे नाटक आहे," सर मेंगना व्हरांड्यात म्हणाले.

"नाटकच आहे. मग? नायकाचं काम तुम्हालाच दिलंय ना? का दुसऱ्याला देऊ?"

सरांनी तोंड वाकडं केलं. तोंड वाकडं केलं की आपण त्या गोष्टीत नाही असं होतं, अशी त्यांची आयुष्यभराची समजूत होती.

नाक मुरडण्यात शांग सरांचा हात धरणारा चीनच्या कान्सू प्रांतातल्या त्या धुळकट तालुक्यात दुसरा कुणी नव्हता. पोरांना ते 'बटाटे' म्हणत, कारण त्या डोंगरात दुसरं काही धड पिकत नाही. मेंगना 'शिट्टी' म्हणत. पडद्यावर रंगीत चित्रं दाखवून शिकवणाऱ्या तरुण शिक्षकांना 'सिनेमावाले' म्हणत. त्यांनी स्वतः इंग्रजी शिकली होती ती रेडिओवरून, गावातल्या भिंतीआड बसून, आणि ही गोष्ट सांगितल्यावाचून त्यांचं एकही शैक्षणिक वर्ष सुरू होत नसे. एक गोष्ट मात्र ते सांगत नसत. काही वर्षांपूर्वी सायकलवरून जग बघत फिरणारा एक गोरा माणूस बाजारात अडकला होता. त्याला काय हवंय ते कुणाला कळेना, म्हणून लोक सरांना बोलवायला धावले. सर मागच्या गल्लीतून घरी गेले आणि दाराला आतून कडी घालून बसले. "तो कसली तरी रस्त्यावरची भाषा बोलत असणार," ते नंतर म्हणाले, "माझी शुद्ध इंग्रजी त्याला झेपली नसती." तोवर एका कसायाने हातवारे करून त्या माणसाला जेवायला घातलं होतं आणि पंक्चरही काढून दिलं होतं.

अशा या सरांची सगळी इभ्रत उभी होती ती एका शब्दावर. तो शब्द म्हणजे 'रन'.

तिकडच्या बारावीनंतरच्या मोठ्या प्रवेश-परीक्षेत ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ विचारतात. पोराला वाटतं, रन म्हणजे धावणे, हे तर पाचवीतच झालं. आणि नेमकं तिथेच त्याचे पाय गळ्यात येतात. कारण त्या इंग्रजांचं नाकही 'रन' होतं, नळही होतो, धुतलेल्या कापडाचा रंगही होतो, तापही अंगात 'रन' होतो, आणि कारखाना चालवायचा तर तोही 'रन'च करावा लागतो. सरांनी असे चाळीसेक अर्थ गोळा केले होते आणि त्यांचं गाणं रचलं होतं. रोज सकाळी, उजाडायच्या सुमारास, वर्ग उभा राहून ते गाणं म्हणायचा आणि रस्त्यापलीकडचे दुकानदार दुकानं उघडता उघडता त्याच्यावर ताल धरायचे.

"घोडा पळतो, नाक गळतं,
नळ वाहतो, दुकान चालतं,
रंग जातो, ताप चढतो,
बटाट्यांनो म्हणा, रन, रन, रन!"

शेवटची ओळ सरांना फार विनोदी वाटायची. पोरांना पहिल्या आठवड्यात वाटली होती.

प्रात्यक्षिक पाठासाठी हाच शब्द ठरला. एकेका पोराला एकेक अर्थ आणि सरांनी बनवलेलं एकेक वाक्य वाटून दिलं गेलं. निवडणुकीला उभं राहण्यालाही 'रन'च म्हणतात, तो अर्थ मेंगनी गाळला. "कशाला उगाच? पाहुणे येणार आहेत," ते म्हणाले. सरांनी तोंड वाकडं केलं आणि तो अर्थ पुसला.

दुसऱ्या तालमीला वर्गाची मॉनिटर यिन श्वे हिची पाळी आली. उंच, हाडकुळी पोरगी. बाही नेहमी पिठाने पांढरी. तिच्या वाट्याला 'चालवणे' हा अर्थ होता आणि वाक्य होतं: मिस्टर स्मिथ रन्स अ हॉटेल इन लंडन.

सरांनी विचारलं. सगळे हात वर गेले. यिनचा उजवा. सरांनी तिला उठवलं.

"माय मदर रन्स अ बाओझ शॉप," ती म्हणाली.

वर्गात खसखस पिकली. बाओझ म्हणजे मटणाचं सारण भरलेले वाफेवरचे गोळे. शाळेच्या फाटकासमोर तिच्या आईचं त्याचं दुकान होतं आणि अर्धा वर्ग रोज सकाळी तिथेच खात असे.

"हे कुठलं वाक्य?"

"माझं, सर."

"तुझं? फळ्यावर आहे?"

"नाही सर. पण अर्थ तोच आहे ना? आई दुकान चालवते. स्मिथला मी कधी पाहिलं नाही."

"आणि लंडनला जाऊन आलीयेस होय? नाही ना? तरी म्हणायचं! राजधानीतून माणसं काय तुझ्या आईची कणीक तिंबलेली ऐकायला येणार आहेत? हॉटेल म्हण. लंडन म्हण. बाओझचा वास माझ्या इंग्रजीला नको."

आता मात्र वर्ग मोकळेपणी हसला. यिन हसली नाही आणि बसलीही नाही.

"सर, पण वाक्य चूक आहे का?"

"बरोबर काय नि चूक काय, हे कळायची अक्कल तुला असती तर मास्तर तू झाली असतीस. तुझ्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कणीक मळणारे. बैस खाली. उद्यापासून स्मिथ."

ती बसली. दुसऱ्या दिवसापासून तिने स्मिथ म्हटला, अगदी स्वच्छ, एकही स्वर न चुकवता.

वाक्य बरोबर होतं. सरांना ते माहीत होतं. त्यांच्या स्मिथपेक्षा बरं होतं, हेही माहीत होतं. पण स्वतः न बनवलेलं वाक्य त्यांनी वर्गात कधी टिकू दिलं नव्हतं. दुसऱ्याच्या वाक्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारला आणि तो आपल्याला आला नाही तर? हा माणूस आयुष्यभर याच एका भीतीवर बसून होता, आणि तिला तो शुद्धता म्हणत होता.

घरी त्यांची बायको सूछिन कोबी चिरत बसली होती. सूतगिरणीत जन्म गेलेला. यंत्रांच्या आवाजावर बोलायची सवय लागलेली, ती गिरणी बंद पडली तरी सुटली नव्हती.

"काय मास्तर, झाली का पोपटांची शाळा?"

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला एवढंच कळतं, की नववर्षाच्या जेवणाला माझ्या बहिणीचा नवरा दारासमोरच्या मानाच्या जागेवर बसतो आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या वाटेत. तो वरिष्ठ. भूगोल शिकवतो, आणि स्वतः बस चुकून भलत्याच गावी उतरतो. पण वरिष्ठ! एकदा तरी त्या जागेवर बसून दाखवा, मग मेले तरी चालेल."

"कोण?"

"तुम्ही नाही. मी."

सर जेवले. जेवताना साडूवर, मेंगवर, वर्षानुवर्षं आपलं नाव गाळणाऱ्या प्रत्येक समितीवर त्यांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. दरवर्षी काहीतरी नडलं होतं: कधी निबंध कमी, कधी जागा कमी, कधी कुणाचा तरी भाचा आडवा. सूछिनने सगळं ऐकून घेतलं.

"त्या पदाची एवढी घाण येते, तर हवंय कशाला?" तिने विचारलं.

हवं होतं, एवढंच खरं होतं. ज्यांना आपण कस्पटासमान मानतो त्यांनीच आपल्याला मोठं म्हणावं, हे वेड त्यांना खात होतं.

पाठाच्या दिवशी धुळीचं वादळ होतं. दुपार पिवळी पडली होती, खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबली होती. मागच्या बाकांवर पाहुणे बसले, मधोमध वेई बाई. पिकल्या केसांच्या, गोड बोलणाऱ्या. त्यांच्या हसण्याकडे बघूनच मेंग सावध झाले, कारण हसणारे तपासनीस कधी काय विचारतील त्याचा नेम नसतो.

पाठ मात्र तेल घातल्यासारखा झाला. घोडा पळाला, नाक गळलं, रंग गेला, ताप चढला. प्रत्येक प्रश्नाला सगळे हात वर गेले, सरांनी नेमका उजवा टिपला, आणि मिस्टर स्मिथने लंडनमध्ये हॉटेल चालवलं. 'आजारी' पडलेली चार-पाच पोरं तेवढी वर्गात नव्हती. पाहुणे माना डोलावत होते. सरांना स्वतःचा आवाज आवडू लागला होता.

तास संपायला थोडा वेळ उरला तशा वेई बाई उठल्या.

"शांग सर, फार सुंदर. एक छोटीशी विनंती करू का? मुलांना मीच एक विचारते."

नाही कोण म्हणणार? सर बाजूला सरले.

"मुलांनो, इतके अर्थ तुम्हाला येतात. आता फळ्यावरचं नको, पुस्तकातलं नको. तुमच्या घरातलं, गल्लीतलं, तुम्ही डोळ्यांनी बघता त्यातलं. या शब्दाचं तुमचं स्वतःचं एक वाक्य. साधं चालेल. कोण सांगतं?"

पोरांनी फळ्याकडे पाहिलं. मग तालीम कामाला आली. एक हात वर गेला, मग चार, मग अख्खा वर्ग. कोपर बाकावर, पंजा ताठ.

"अगं बाई!" वेई बाई हरखून म्हणाल्या. "केवढे हात! सगळ्यांनाच सांगायचंय!"

सगळे डावे होते.

सरांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत नजर फिरवली. भिंतीपासून खिडकीपर्यंत डाव्या हातांचं रान माजलं होतं. रोज उजाडताच गाणं म्हणवून, झोडपून, चिडवून त्यांनी जे उभं केलं होतं ते हे असं दिसत होतं. नाक तर त्या वाऱ्यात प्रत्येकाचंच गळत होतं. बाहेर अर्ध्या पालकांची दुकानं चालत होती. तरी एकाही पोराला स्वतःचं एक वाक्य येत नव्हतं. कारण स्वतःचं वाक्य ही या वर्गात शिव्या खायची गोष्ट होती.

एकीला येत होतं. सर यिनकडे वळले.

तिचा उजवा हात बाकावर पालथा पडला होता. डावा वर होता, सगळ्यांपेक्षा ताठ. ती सरांकडेच बघत होती. त्या नजरेत राग नव्हता. राग त्यांना चालला असता. बाजारात सडका बटाटा हातात आला की बाई जशी बघते आणि बाजूला टाकते, तशी ती बघत होती. ही नजर सरांच्या चांगल्या ओळखीची होती. आयुष्यभर त्यांनी तीच वापरली होती, फक्त आजवर ती त्यांच्याकडे कुणी वळवली नव्हती.

नुसतं नाव घ्यायचं होतं. 'यिन श्वे, तुझ्या आईचं वाक्य सांग.' एवढंच. पण ती उठून "मला येत नाही" म्हणाली तर? किंवा "सरांनी ते वाक्य नको म्हटलंय" म्हणाली तर? मेंग मागून मान ताणून बघत होते. वेई बाई वाट बघत होत्या. दारासमोरची ती मानाची जागा हाताच्या अंतरावर होती.

शांग सर हसले.

"बाई," ते म्हणाले, "आता मी कुणाला उठवू? एकाला उठवलं तर बाकीच्यांचं मन मोडेल. सगळी माझीच लेकरं."

पाहुणे खळाळून हसले. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. टाळ्या चालू असतानाच घंटा झाली. ज्या माणसाने उभ्या जन्मात एका पोराला 'लेकरू' म्हटलं नव्हतं, तो त्या एका शब्दावर वरिष्ठ होऊन बाहेर पडला.

पोरं दारातून निघताना मागच्या बाकावरचा एक उडाणटप्पू सरांच्या जवळून गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "काय सुटलात, सर! मानलं!"

त्याने डोळाही मारला. चोरीच्या जोडीदाराला मारतात तसा, अगदी आपुलकीने. सरांनी त्याला 'बटाटा' म्हणायला तोंड उघडलं आणि मग बाजूला होऊन त्याला वाट दिली. वर्गात यिन श्वे फळा पुसत होती. मिस्टर स्मिथ, लंडन, हॉटेल, सगळं तिने एकाच हाताने साफ केलं आणि बादलीत फडकं पिळलं.

पद आलं. सूछिनने बहिणीला लगेच फोन लावला, इतक्या मोठ्याने की फोनची गरज नव्हती. सरांनी उरलेले दिवस भरले. गाणं त्यांनी पुन्हा म्हणवून घेतलं नाही. सकाळी वर्ग आपापलं वाचत बसे आणि रस्त्यापलीकडचे दुकानदार म्हणत, म्हातारा आता वरिष्ठ झाला, कशाला घसा फोडेल.

परीक्षा झाली, निकाल लागला. यिन श्वेला पूर्वेकडच्या एका मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. अशा वेळी घरचे गुरुजनांना जेवू घालतात, तसं तिच्या आईने घातलं. दुकानातलीच दोन टेबलं जोडून, वर लाल कापड टाकून. मेंग होते, इतर विषयांचे शिक्षक होते, तिचे मामा-काका होते. दारासमोरची खुर्ची रिकामी ठेवली होती.

"शांग सर, तुम्ही इथे," यिनची आई म्हणाली. आखूड, रुंद बाई. तिचे हात पिठाने कायमचे भेगाळलेले होते.

"नको, मी इकडेच बरा," सर म्हणाले. ते स्वयंपाकघराच्या वाटेकडे निघाले होते.

"असं कसं? वरिष्ठ कोण आहे इथे?" मेंगनी दंडाला धरून त्यांना त्या खुर्चीत बसवलं. सूछिन शेजारी बसली आणि तिने खोलीभर नजर फिरवली. बहीण तेवढी बघायला नव्हती.

ज्वारीची दारू फिरू लागली. माणसं तांबडी झाली, आवाज चढले. यिनची आई हाताआड हसत, लाजत सरांजवळ आली.

"सर, एक विचारू? हसायचं नाही हं. ही म्हणते, माझ्या दुकानाचंपण इंग्रजीत वाक्य होतं. एवढंसं दुकान हो. होतं का खरंच?"

सरांनी मान वर केली. मागच्या दारात यिन वाफाळती करंडी हातात घेऊन उभी होती. सर काही बोलणार, तेवढ्यात पलीकडून मेंग उठले. त्यांना उभं राहायला टेबलाचा आधार लागला.

"अहो वहिनी, या माणसाला विचारताय? एका शब्दाचे चाळीस अर्थ! चाळीस! राजधानीची माणसं बघून गार पडली!" त्यांनी कवायतीच्या आवाजात हुकूम सोडला, "काय शांग सर, येतं ना तुम्हाला इंग्रजी? येतं की नाही? सगळ्यांसमोर हात वर करून सांगा!"

टेबल हसलं. कुणीतरी पेल्यावर जेवायची काडी वाजवली. "हात! हात!" मामा-काका ओरडू लागले.

सरांच्या उजव्या हातात काड्या होत्या. त्या त्यांनी वाडग्यावर नीट आडव्या ठेवल्या. तो हात लाल कापडावर पालथा टेकवला. मग पोरं टेकवतात तसं दुसरं कोपर टेबलावर टेकवून त्यांनी डावा हात वर केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात मेंगनीच वाजवल्या. नियम त्यांचाच होता, आणि तो त्यांच्या ध्यानातून कधीच गेला होता. यिनच्या आईला वाटलं, सर दारू पुरे म्हणताहेत. "एवढ्यात पुरे?" ती कळवळून म्हणाली. सूछिन हसत होती.

यिन श्वे त्या हाताकडे बघत राहिली. ती हसली नाही आणि तिने नजरही काढली नाही. मग पुढे येऊन तिने करंडी सरांपुढे ठेवली, झाकण काढलं आणि पहिला बाओझ दोन्ही हातांनी त्यांच्या वाडग्यात घातला.

टाळ्या थांबल्या होत्या. सरांनी हात अजून खाली घेतला नव्हता.